घरघर

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातल्या संगणकाला घरघर लागली. या शब्दाची मराठीत मोठी गंमत आहे. जाते फिरू लागले की होते ती घरघर, आणि माणसाचा अखेरचा श्वास अडखळू लागतो तीही घरघरच. माझ्या यंत्राला दोन्ही अर्थ एकदम लागू पडत होते. सुरू केले की पहिली पाच मिनिटे ते मांजरासारखे गुरगुरे, मग खडीवरून बैलगाडी जावी तसा आवाज निघे, आणि तासाभराने असा काही सूर लागे की स्वयंपाकघरातून हुकूम सुटे, "अहो, तुमचं जातं थांबवा जरा. कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत मला."

हे यंत्र 2012 साली, शाळेतून निवृत्त होताना, मी मोठ्या हौसेने घेतले. पडदा वेगळा आणि पेटी वेगळी असा दोन खोल्यांचा संसार त्यात नाही. सगळे पोट पडद्याच्या पाठीतच सामावलेले. दुकानदार त्याला ऑल-इन-वन म्हणतात. जागा थोडी लागते, वायरींचे जंजाळ नसते, एवढेच त्याचे मला कौतुक. पण इतकी वर्षे त्याच्यासमोर बसल्यावर माणसाला यंत्राचीही सवय होते, आणि शिवाय माझे एक काम त्याच्यात अडकून पडले होते.

ते काम असे. आमची आत्या खोडदातच राहिली, खोडदातच गेली. 1991 च्या उन्हाळ्यात ती दळायला बसली असताना मी तिच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतल्या. सात कॅसेटी झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या राशीपुढे माझ्या सात कॅसेटी म्हणजे पायलीतले चार दाणे. पण दाणे आमच्या घरचे. कॅसेटींची फीत कुजण्यापूर्वी मी तो सगळा आवाज संगणकात उतरवला आणि एकेक ओवी ऐकून लिहून काढू लागलो. आत्याचा आवाज मुळात हळू, त्याखाली जात्याची घरघर, आणि त्यावर आता या पंख्याची. शब्द कळेनात. कानाला लावायचे हेडफोन मला चालत नाहीत, कारण एका कानात आधीच ऐकण्याचे यंत्र आहे आणि दोन्ही एकत्र आली की शीळ घालतात. चौथ्या कॅसेटीच्या मध्यावर काम थांबले ते थांबलेच.

दुरुस्तीवाल्याकडे यंत्र नेले. त्याने ते उघडलेही नाही. पाठीला हात लावून, वैद्याने नाडी पाहावी तसे दोन क्षण थांबून, म्हणाला, "सर, याचे पार्ट येत नाहीत आता. नवीनच घ्या." परत येताना मोटारीत यंत्र मांडीवर होते. एका पंख्यापायी सगळे यंत्र टाकून द्यायचे, हा हिशेब माझ्या मास्तरकीच्या डोक्यात काही केल्या बसेना.

तेव्हापासून मी या पंख्याच्या इतिहासाच्या मागे लागलो. इतिहास तसा फार जुना नाही, पण मनोरंजक आहे.

संगणक आणि उष्णता यांचे नाते जन्मापासूनचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातला एक आद्य संगणक तयार झाला. त्याचा प्रायोगिक नमुना 1956 साली चालू झाला आणि पूर्ण यंत्र 1960 साली. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे बारसे केले. आपल्या नभोवाणीच्या जुन्या संचात असत तशा निर्वात नळ्या त्यात सुमारे 2,700 होत्या आणि त्याचा लोखंडी सांगाडा 18 फूट लांब नि 8 फूट उंच होता. जुना रेडिओ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की चारपाच नळ्यांच्या संचावर हात ठेवला तरी तो ऊन लागे. इथे 2,700 शेगड्या एका कपाटात पेटलेल्या. पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, मग नखाएवढ्या चकतीवर हजारो ट्रान्झिस्टर बसू लागले. यंत्र लहान झाले. पण ऊब नाहीशी झाली नाही, फक्त दाटीवाटीने राहू लागली. आणि दाटीच्या घरात वारा लागतो, हे चाळीत राहिलेल्या कोणालाही सांगावयास नको.

तरीही पंखा नकोच, असे म्हणणारा एक मोठा माणूस या धंद्यात होऊन गेला. अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज. संगणकाने टेबलावर मुकाट्याने बसावे, गुरगुरू नये, असा त्यांचा आग्रह होता. 1980 साली त्यांच्या कंपनीने काढलेल्या अ‍ॅपल थ्री या यंत्रात म्हणूनच पंखा नव्हता. यंत्रे तापली, आतल्या चकत्या आपापल्या खाचांतून सुटू लागल्या, आणि त्यावर जो उपाय गिऱ्हाइकांना सांगण्यात आला तो ऐकून मला आमच्या गावच्या जुन्या रेडिओची आठवण झाली: यंत्र टेबलापासून दोनतीन इंच उचला आणि सोडून द्या! इतक्या महागड्या यंत्राला थापटी मारून चालवायची कला केवळ आपल्याच देशात आहे, अशी माझी समजूत होती. ती दूर झाली.

1984 मध्ये त्याच कंपनीचा मॅकिंटॉश आला. पडदा आणि यंत्र एकाच अंगात, म्हणजे माझ्या यंत्राचा आजोबाच. त्यातही पंखा नव्हता. गरम हवा आपोआप वर चढते आणि खालून थंड हवा आत येते, एवढ्या भरवशावर तो चालायचा. आपल्या चुलीवरच्या धुराड्याचे तत्त्व हेच. पण ते अपुरे पडे, आणि लोक त्याच्या डोक्यावर ठेवायला पुठ्ठ्याचे खरोखरचे धुराडे विकत घेत! जॉब्ज 1985 मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि 1987 च्या मॅकिंटॉश एसई या यंत्रात पंखा बसला. लगेच तक्रार उठली की आवाज फार होतो, आणि कंपनीला पुढे पंखा बदलावा लागला. पुढे जॉब्ज परतले आणि 1999 च्या आयमॅकमधून पंखा पुन्हा हद्दपार झाला. पण यंत्रांचा वेग वाढत गेला तसा तो चोरपावलांनी परत आला. तेव्हा, वाचकहो, एकाच अंगाच्या संगणकातला पंखा कुरकुरतो ही तक्रार त्या जातीच्या यंत्राइतकीच जुनी आहे. आमच्या घरात ती पोचायला थोडा उशीर झाला इतकेच.

इतिहासाने धीर आला, पण आवाज गेला नाही. तेव्हा पुण्यात डिप्लोमा केलेल्या पुतण्याला बोलावले. तो गणपतीला आला. आम्ही वीज काढली, सुरू करण्याचे बटण थोडा वेळ दाबून धरले, म्हणजे आत उरलीसुरली वीज असेल ती निघून जावी, आणि यंत्र गोधडीवर पालथे निजवले. स्क्रू काढले. पाठीचे झाकण कडेने खाचांत बसलेले असते. तिथे लोखंडी पेचकस घातला तर प्लास्टिक तुटते, म्हणून बाद झालेले बँकेचे कार्ड सरकवत सरकवत ते उकलले.

आत काय असावे? नमदा! तांब्याची एक चपटी नळी संगणकाच्या मेंदूवरून निघून पातळ पत्र्यांच्या जुडग्यापर्यंत जाते. मेंदूची ऊब ती तिथवर वाहून नेते आणि पंखा त्या पत्र्यांमधून वारा फुंकतो. त्या पत्र्यांच्या फटींत बारा वर्षांचा धुरळा घट्ट बसला होता. बाजरीच्या खळ्याची धूळ, रस्त्याचा फुफाटा, मांजराचे केस आणि शेजारच्या खोलीतले पीठ. वाऱ्याला वाटच नाही. आता यंत्राची रीत अशी की मेंदू तापला की ते पंख्याला अधिक जोरात फिरायला सांगते. पंख्याचा वेग थोडा वाढला तरी आवाज फार वाढतो; वेग दुपटीवर गेला की आवाज पंधरा डेसिबलांच्या घरात चढतो. बिचारा पंखा वर्षानुवर्षे तोंड दाबलेल्या घरात फुंकत होता, आणि धावून धावून त्याच्या आसाचे वंगण सुकले. म्हणजे अर्धा अपराध पंख्याचा नव्हे, आमच्या केरसुणीचा. हे मी घरात बोललो नाही.

ब्रशने धुरळा काढताना पुतण्याने पात्यावर बोट धरून ठेवायला सांगितले. फुंकरीने पंखा उलटा गरगरला तर तोच छोटे जनित्र बनतो आणि वीज नको तिथे ढकलू शकतो. मग आसावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. यंत्र जोडले, सुरू केले, आणि घर एकदम शांत झाले. अकरा दिवस. बाराव्या दिवशी घरघर परतली. घासून सैल झालेल्या आसाला तेल म्हणजे म्हाताऱ्याच्या गुडघ्याला मालीश. बरे वाटते, झीज भरून येत नाही. पंखा बदलणेच आले.

त्या शांत अकरा दिवसांत पुतण्या एकदा खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "नाना, तुमचा आवाज बंद झाल्यावर त्यांनाही बरं वाटलं असेल." ते म्हणजे दुर्बिणी. आमच्या खिडकीतून त्या दिसतात. खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, तीस पत्रावळी, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यांतल्या चौदा आमच्या गावाजवळ दाटीने आणि सोळा तीन दिशांना फाकलेल्या, अशा 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. पुतण्या थट्टेने बोलला, पण मी विचारात पडलो. कारण हे गाव जगाला ठाऊक झाले ते मुळी शांततेमुळे.

प्रा. गोविंद स्वरूप यांनी 1965 मध्ये आपल्या कल्याणला, ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या सहा-सहा फुटी 32 थाळ्यांवर सूर्याचे रेडिओतरंग टिपायला सुरुवात केली. 1970 मध्ये उटीची दुर्बीण उभी केली. आणि मग याहून मोठ्या दुर्बिणीसाठी जागा शोधत ते इकडे आले. माणसाने केलेला रेडिओगोंगाट इथे कमी होता. भोवती डोंगरांची आडभिंत, पुणे हाकेच्या अंतरावर पण कानाआड, आणि अक्षांशही सोयीचे. याच तालुक्यात आर्वीला उपग्रह संदेशांचे केंद्र 1971 पासून होतेच. त्याची सोय-गैरसोय आम्ही आजही भोगतो. आवारात मोबाइल बंद करा म्हणतात. विजेच्या तारांवर खराब चिमणीजवळ ठिणगी उडाली तर ती दुर्बिणीला ऐकू जाते म्हणून तारा तपासाव्या लागतात. आणि पुणे-नाशिक अतिजलद रेल्वेचा आखलेला मार्गही दुर्बिणीपायी बदलावा लागेल असे ठरल्यावर तालुक्यात नाराजी झाली. खरे सांगायचे तर थोडी मलाही झाली. गाडी दारावरून जाणार म्हणून मी मनात तिकिटे काढून बसलो होतो.

आता हे रेडिओचे खगोलशास्त्र जन्माला कसे आले, तर खरखरीच्या तक्रारीतून! अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या तरुण अभियंत्याला बेल कंपनीने काम दिले होते की समुद्रापारच्या टेलिफोनवर खरखर कुठून येते ते शोध. त्याने फोर्ड मोटारीच्या चाकांवर फिरणारा तारांचा मोठा सांगाडा उभा केला. जवळच्या विजांची खरखर सापडली, लांबच्या विजांची सापडली, पण एक बारीक सूं-सूं उरली, आणि ती रोज चार मिनिटे लवकर येई. सूर्य चोवीस तासांनी येतो. तेवीस तास छप्पन्न मिनिटांनी येतात ते तारे. 1933 साली त्याने जाहीर केले की ही खरखर आकाशगंगेतून येते. आज आकाशातल्या रेडिओस्रोतांची तीव्रता त्याच्याच नावाच्या एककात मोजतात. एक जान्स्की म्हणजे, दर चौरस मीटरला आणि दर हर्ट्झमागे, शून्य, दशांशचिन्ह, पुढे पंचवीस शून्ये आणि मग एक, इतके वॅट. एवढी हलकी कुजबुज ऐकणाऱ्या शेजाऱ्याच्या खिडकीशी माझे यंत्र रात्री-बेरात्री गुरगुरत होते.

मास्तरांना प्रयोगाचा मोह आवरत नाही. जुना मध्यमलहरींचा ट्रान्झिस्टर कपाटातून काढला, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावला आणि संगणकाशेजारी धरला. खर्र! पुतण्याने क्षणभर बोटाने पंखा थोपवला. घरघर थांबली, खर्र तशीच. म्हणजे कानाला ऐकू येणारा पंखा रेडिओला ऐकूच येत नव्हता. ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवत नेला तसा चोर सापडला: भिंतीच्या प्लगापासून यंत्रापर्यंत वीज आणणारा तो निमूट काळा ठोकळा. सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करूनच तो आपले काम करतो. त्याच्या वायरीवर जी गाठ दिसते ती उगाच नसते. आत फेराइटचे कडे असते, आणि अशी रेडिओखरखर गिळण्यासाठीच ते बसवतात. सगळी काही गिळत नाही.

आणि पंखा गप्प का, त्यालाही इतिहास आहे. जुन्या मोटारींत फिरत्या भागाला वीज पोचवण्यासाठी कोळशाचे ब्रश घासत आणि ठिणग्या उडत. 1962 मध्ये विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी ब्रशाऐवजी ट्रान्झिस्टरने वीज फिरवणारी मोटार मांडली. माझ्या पंख्यात तिचीच पणती आहे. चुंबक कुठवर आला हे एक बारीकसा कण ओळखतो आणि त्याप्रमाणे वेटोळ्यांतली वीज पालटते. ठिणगी नाही. हे मी पुतण्याला समजावून सांगत असतानाच ट्रान्झिस्टरमधून असा काही भडका उडाला की आम्ही दोघे दचकलो. स्वयंपाकघरात मिक्सर लागला होता. त्यात अजून ब्रशच असतात.

दुर्बिणीच्या संगणकांचे काय, हा प्रश्न मग ओघानेच आला. तीस पत्रावळींचा आवाज एकत्र करायला त्यांच्याकडेही संगणकांच्या रांगा आहेत, त्याही तापतात, त्यांनाही वारा लागतो. अशी यंत्रे धातूच्या कवचात ठेवतात, म्हणजे त्यांची खरखर बाहेर पडत नाही. पण कवच बंद केले तर वारा कुठून यावा? त्याची युक्ती मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या धातूच्या जाळीत आहे. भोक तरंगाच्या लांबीहून पुष्कळ लहान ठेवले की हवा जाते, तरंग अडतो. आणि गंमत अशी की खिडकीतून दिसणाऱ्या त्या पत्रावळी याच युक्तीच्या आहेत. स्वरूपांनी त्या पत्र्याच्या केल्या नाहीत. पोलादी दोरखंडांवर बारीक तारेची जाळी ताणून बसवली, एक ते दोन सेंटिमीटर भोकांची. हायड्रोजनचा तरंग 21 सेंटिमीटरांचा, तो जाळीवरून परततो. खोडदचा वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला, खर्च आवाक्यात राहिला. दुपारच्या उन्हात ती जाळी दिसतही नाही, नुसत्या फासळ्या आकाशात उभ्या असतात. इतकी वर्षे मी त्या पाहतो आहे. वाऱ्याला वाट देऊन लाटेला अडवण्याचे हे कसब मला कळले ते पंख्याच्या निमित्ताने.

पंखा शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाला, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेस मी मापे घेऊन गेलो आणि बरोबर मापाचा आणला. तो फिरला छान, पण यंत्र पडद्यावर अक्षरे उमटवून अडून बसले की पंखा चालत नाही! पुतण्याने पाहिले तर त्याला वायरी दोनच. जुन्याला चार होत्या. दोन वीज नेतात, तिसरी आपण किती वेगाने फिरतो ते मेंदूला कळवते आणि चौथी मेंदूचा हुकूम आणते. "नाना," तो म्हणाला, "हा गडी राबतो चांगला, पण विचारलं तर उत्तर देत नाही." दुसऱ्या खेपेस मी जुना पंखाच रुमालात बांधून नेला. दुकानदाराने पाठीवरच्या चिठ्ठीतला क्रमांक, व्होल्ट आणि वायरींचा क्रम पाहिला आणि मागच्या फळीवरून त्याचा जुळा भाऊ काढून दिला. दुरुस्तीवाल्याने नवे यंत्र घ्या म्हटले होते. मला लागले एक जेवणावळीचे पैसे, आणि त्यात एस.टी.चे भाडेही आले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तो बसवला. मेंदूवरचा सुकलेला लेप पुसून मटाराएवढा नवा लावला, स्क्रू फिरवले, झाकण दाबले. एक स्क्रू उरला. तो कुठला, हे अजून कळलेले नाही. यंत्र सुरू केले तेव्हा आधी मला वाटले सुरूच झाले नाही.

संध्याकाळी चौथी कॅसेट जिथे सोडली होती तिथून लावली. आता खोलीत एकच घरघर होती, 1991 ची. तिच्यातून शब्द असे सुटे सुटे येऊ लागले की लिहिता हात पुरेना. एक ओवी संपते, जाते मंद होते, थांबते. याच्यापुढे फीत कोरी आहे असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो आणि तिथे बटण दाबून पुढे जात होतो. या वेळी दाबायचे राहून गेले. काही क्षण नुसती आत्याची धाप ऐकू आली. मग पदराने जाते झटकल्याचा आवाज, आणि अगदी हळू, जवळून, "झालं का रं तुझं? मग ते पीठ भर डब्यात."

स्वयंपाकघरातून चकलीची भाजणी मळता मळता विचारणा झाली, "कोण आलंय हो?"